वर्षाचें गाणें कसें निवडावें?

गाण्यांना पहिलें, दुसरें, तिसरें असे क्रम लावणें ही गोष्ट पुष्कळ रसिकांना मुळांतच रुचत नाहीं. गाणें म्हणजे कांहीं गुळाची ढेप नव्हे, कीं जिची प्रत पाहून अडत्यानें भाव ठरवावा, असें त्यांचें म्हणणें असतें. हा आक्षेप वजनदार आहे व त्याला उत्तर दिल्यावांचून आजच्या विषयांत पाऊल टाकतां येणार नाहीं. परंतु हा विषय निघाला कसा, तें आधीं थोडक्यांत सांगतों.

मी राहतों तें हडपसर एके काळीं मळ्यांचें व भाजीपाल्याचें गांव म्हणून पुण्यांत ओळखलें जाई. आतां तेथें मगरपट्टा, अमनोरा यांसारख्या मोठ्या वसाहती वसल्या आहेत आणि देशाच्या सर्व भागांतील तरुण मंडळी तेथें राहावयास आली आहे. २०११ सालीं मगरपट्ट्यांत व २०१२ सालीं अमनोरांत 'एनएच सेव्हन वीकेंडर' नांवाचा मोठा संगीतोत्सव भरला होता. त्यामुळें गिटार व ड्रम यांचा आवाज आम्हां जुन्या रहिवाशांच्याही परिचयाचा झाला. या तरुणांत जे पाश्चात्त्य रॉक संगीताचे खरे दर्दी आहेत, त्यांना एक नाद असतो. रॉकची एक शाखा अशी आहे कीं, जींत वाद्यांचा जोर असूनही चाल गोड व गुणगुणतां येण्यासारखी असते. तिला मेलडिक रॉक म्हणतात. या शाखेंत कोणत्या वर्षीं कोणता आल्बम सर्वांत चांगला निघाला, त्याच्या खालोखाल कोणता, अशा वर्षवार याद्या हे दर्दी करतात. १९७६ म्हटलें कीं 'बॉस्टन' या वाद्यवृंदाचा पहिला आल्बम, १९८१ म्हटलें कीं 'जर्नी'चा 'एस्केप', १९८७ म्हटलें कीं 'डेफ लेपर्ड'चा 'हिस्टेरिया' पुढें येतो, आणि मग त्याचा क्रम पहिला कीं दुसरा, यावर वाद रंगतो. सातासमुद्रांपलीकडच्या संगीतासाठीं जें इतक्या आस्थेनें केलें जातें, तें आपण आपल्या भावगीतांसाठीं कां करूं नये? आणि करावयाचें झालेंच, तर कोणत्या नियमांनीं करावें? आजच्या भाषणाचा विषय एवढाच आहे.

आतां तो आक्षेप. सर्व काळांतील सर्व गाण्यांत श्रेष्ठ गाणें कोणतें, असा प्रश्न कोणी टाकला तर तो खरोखरच निरर्थक आहे. माझा जन्म शाळेंत शिकविण्यांत गेला, त्यामुळें दाखला शाळेंतलाच सुचतो. चवथीच्या मुलाचें गणित आणि सातवीच्या मुलाचें गणित एका मापानें तपासून क्रम लावणें हा अन्याय होय. परंतु एकाच इयत्तेंत, एकाच प्रश्नपत्रिकेवर, तेवढ्याच वेळांत उत्तरें लिहिणाऱ्या मुलांचा क्रम लावणें हा अन्याय नव्हे. वर्षवार निवडीचें मर्म येथेंच आहे. १९३५ सालच्या एका गायकाला जें यंत्र, जेवढीं मिनिटें व जो वाद्यमेळ मिळे, तोच सरंजाम त्या सालच्या दुसऱ्या गायकालाही मिळे. दोघांपुढें श्रोतेही तेच. अशा दोघांची तुलना न्याय्य होते. पण १९३५ सालच्या गायकाला १९९८ सालच्या गायकाशेजारीं उभें करणें न्याय्य नव्हे. म्हणून सर्वकाळच्या श्रेष्ठांच्या यादीपेक्षां त्या त्या वर्षाच्या श्रेष्ठांची यादी अधिक प्रामाणिक असते.

मात्र या यादीचा सारा न्याय एका गोष्टीवर अवलंबून आहे. गाणें ज्या वर्षाचें असेल, त्याच वर्षांत तें बसविलें पाहिजे. मुलगा चुकीच्या इयत्तेंत बसला, कीं त्याचा निकाल चुकलाच. आणि आपल्या मराठी गाण्यांच्या बाबतींत हीच गोष्ट सर्वांत अवघड आहे. ती अवघड कां, हें समजण्यासाठीं भावगीताच्या जन्माकडे क्षणभर वळलें पाहिजे.

भावगीत हा शब्द प्रथम काव्याच्या चर्चेंतला. कवीच्या मनांतील एखादा उत्कट भाव थोड्या ओळींत प्रकट करणारी कविता, तें भावगीत. १९२३ सालीं पुण्यांत रविकिरण मंडळ स्थापन झालें. यशवंत, गिरीश यांच्यासारखे त्यांतील कवी आपल्या कविता सभांतून गाऊन म्हणूं लागले, आणि कविता ही वाचण्याप्रमाणें ऐकण्याचीही वस्तु आहे, असें सुशिक्षित घरांना वाटूं लागलें. त्याच सुमारास यंत्रविद्येंत दोन मोठे बदल झाले. १९२५ पर्यंत गायकाला भोंग्यापुढें उभें राहून गावें लागे. आवाज खणखणीत नसेल तर तबकडीवर रेघ नीट उमटत नसे. १९२५ सालीं पाश्चात्त्य देशांत विजेच्या मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रण सुरू झालें व थोड्याच वर्षांत तें आपल्याकडेही आलें. दुसरा बदल म्हणजे १९२७ च्या जुलैंत मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें नभोवाणी केंद्र सुरू झालें. रंगभूमीवरील नटाला आपला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोंचवावा लागे. मायक्रोफोनपुढें ती गरज उरली नाहीं. शब्दांचा उच्चार सांभाळून, कानाशीं बोलल्यासारखें हळुवार गाणें शक्य झालें.

अशा वेळीं, १९३० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत, ग. ना. जोशी यांनीं मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता एच. एम. व्ही.च्या तबकडीवर गाइली. मराठी भावगीताच्या युगाचा आरंभ या तबकडीपासून मानण्याचा प्रघात आहे. जोशी पुढें १९३८ सालीं त्याच कंपनींत नोकरीस लागले आणि कितीतरी गायकांचीं गाणीं त्यांच्या देखरेखीखालीं मुद्रित झालीं. त्यानंतर गजाननराव वाटवे (१९१७–२००९) यांनीं भावगीत दिवाणखान्यांतून काढून पुण्याच्या गणेशोत्सवाच्या मांडवांत नेलें आणि हजारों लोक कविता ऐकावयास बसूं शकतात, हें दाखवून दिलें. सारांश, कविता, मायक्रोफोन आणि तीन मिनिटांची तबकडी या तिहींच्या मेळांतून भावगीत जन्मलें. ही गोष्ट ध्यानीं ठेवली म्हणजे निवडीचे नियम आपोआप सुचतात.

पहिला नियम एककाचा. मोजावयाचें काय? रॉकच्या यादीचें एकक आल्बम हें असतें. म्हणजे एका नांवाखालीं, एका हेतूनें एकत्र आणलेला आठ-दहा गीतांचा संच. गंमत अशी कीं, हा शब्द फोटो चिकटविण्याच्या वहीवरून आला. ७८ फेऱ्यांच्या अनेक तबकड्या अशाच पुठ्ठ्याच्या वहींत घालून परदेशांत एकत्र विकीत असत. आपल्याकडे मात्र भावगीताची तबकडी बहुधा एकेकटीच आली. दहा इंची तबकडी, एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटें, दोन बाजूंवर दोन गाणीं, एवढाच तिचा संसार. ती लाखेच्या मिश्रणाची असे, व जगभरच्या कारखान्यांना लागणारी ही लाख मुख्यतः आपल्याच देशांतून जाई. एवढ्या वेळांत ध्रुपद, दोन-तीन कडवीं आणि वाद्यांचे छोटे तुकडे बसवावे लागत. लांब कविता असेल तर कडवीं गाळावीं लागत. तेव्हां या काळासाठीं एकक तबकडी हेंच धरलें पाहिजे, आणि तेंही दोन्ही बाजूंसकट. १९४८ सालीं अमेरिकेंत मिनिटाला सवातेहतीस-साडेतेहतीसच्या दरम्यान फेऱ्या घेणारी लॉंग प्ले तबकडी निघाली. तिच्या एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटें मावूं लागलीं. आपल्याकडे ७८ च्या तबकड्या १९७० च्या सुमारास बंद पडल्या आणि गीतसंच हें एकक रूढ झालें. मात्र एका गायकाचीं वीस वर्षांतलीं गाजलेलीं गाणीं वेंचून पुढें जे संच निघाले, ते आपल्या यादींत येऊं नयेत. तो नवा आल्बम नव्हे. तो जुन्या गुणपत्रकांचा गठ्ठा होय.

दुसरा नियम वर्षाचा, आणि खरी अडचण येथेंच आहे. एका गाण्याला चार जन्मतारखा असूं शकतात. कविता लिहिली गेली तें एक वर्ष. चाल लागून तें प्रथम लोकांपुढें गाइलें गेलें तें दुसरें. ध्वनिमुद्रण झालें तें तिसरें. आणि तबकडी दुकानांत आली तें चवथें. ७८ च्या तबकडीच्या मधल्या कागदी चकतीवर गायकाचें नांव, गाण्याचे आरंभींचे शब्द, गीताचा प्रकार, तबकडीचा क्रमांक हें सारें छापलेलें असे. पण साल बहुधा छापीत नसत. आज मोबाइलवर तेंच गाणें लावलें तर त्याच्याखालीं साल दिसतें खरें, परंतु तें पुष्कळदां नव्या संचाच्या प्रकाशनाचें असतें. तें पाहून नातवाची अशी समजूत होते कीं, आजोबांच्या लग्नांत वाजलेलें गाणें नातवाच्याच जन्मवर्षीं निघालें.

फसगतीचे आणखीही प्रकार आहेत. १९३६ सालीं प्रभात कंपनीनें पुण्यांत 'संत तुकाराम' हा बोलपट काढला. त्यांतील एक अभंग शांताराम आठवले यांनीं तुकोबांच्या वळणावर इतका हुबेहूब रचला कीं, अनेकांनीं तो गाथेंतलाच मानला. म्हणजे ज्याचे शब्द आणि चाल दोन्हीं १९३६ चीं, त्या गीताला लोक तीनशें वर्षें मागें नेऊन बसवूं लागले. उलट प्रकार 'शिवकल्याणराजा'चा. शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीनिमित्त १९७४ सालीं हृदयनाथ मंगेशकर यांनीं हा गीतसंच केला व लताबाईंनीं तो गाइला. त्यांत कवि भूषण आणि समर्थ रामदास यांच्या सतराव्या शतकांतील रचना आहेत, तशाच सावरकर व कुसुमाग्रज यांच्या विसाव्या शतकांतील कविताही आहेत. शब्दांचें वर्ष धरलें तर या एका संचाचे तुकडे तीन शतकांत विखुरतील. म्हणून नियम असा करावा कीं, शब्द कधींचेही असोत, ती चाल श्रोत्यांच्या कानीं प्रथम ज्या वर्षीं पडली, तें गाण्याचें वर्ष.

'प्रथम कानीं पडली' असें मीं मुद्दाम म्हटलें. 'तबकडी निघाली' असें म्हटलें नाहीं. त्याचें कारण आकाशवाणी. मंगेश पाडगांवकर यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि अरुण दाते व सुधा मल्होत्रा यांचे आवाज असलेलें शुक्रताऱ्याचें युगुलगीत १९६२ सालीं प्रथम आकाशवाणीवरून लोकांना ऐकावयास मिळालें व त्यानंतर त्याची तबकडी आली. त्याला १९६२ च्या खालींच मांडलें पाहिजे. त्याहून मोठें उदाहरण 'गीतरामायणा'चें. पुणें केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजीं सुरू झालें, आणि दीड वर्षांनीं, १ एप्रिल १९५५ रोजीं, रामनवमीस 'गीतरामायणा'चें पहिलें गीत प्रक्षेपित झालें. सीताकांत लाड यांची योजना, ग. दि. माडगूळकर यांचीं गीतें, सुधीर फडके यांचें संगीत. आठवड्यास एक याप्रमाणें छप्पन्न गीतें १९५६ च्या एप्रिलपर्यंत चाललीं. मूळ प्रक्षेपणांत फडक्यांबरोबर लता मंगेशकर, माणिक वर्मा, ललिता फडके, मालती पांडे, वसंतराव देशपांडे, राम फाटक आदि अनेकांचे आवाज होते. पुढें तबकड्या निघाल्या त्या मात्र फडक्यांच्या एकट्याच्या आवाजांत, आणि आज घराघरांत वाजतें तें हेंच दुसरें रूप. आपण कोणत्या रूपाला क्रमांक देणार? माझ्या नियमानें १९५५ चा मान मूळ प्रक्षेपणाला जातो. एकट्याच्या आवाजांतील रूप हा स्वतंत्र प्रयोग समजून त्याच्या वर्षीं मोजावा. दोहोंची सरमिसळ केली तर मूळ प्रक्षेपणांत गाणाऱ्या स्त्रियांचीं नांवें हळूहळू लोकांच्या विस्मरणांत जातील, आणि तो अन्याय यादी करणाराच्या माथीं बसेल.

वर्ष शोधावयाचें कोठें? चित्रपट किंवा नाटक असेल तर त्याच्या प्रथम प्रदर्शनाचें साल सहज मिळतें. नभोवाणीसाठीं १९३५ पासून निघालेल्या 'इंडियन लिसनर' या पत्रांत प्रत्येक केंद्राचे कार्यक्रम तारीखवार छापलेले आहेत. तबकड्यांच्या कंपन्या नव्या तबकड्यांचीं सूचिपत्रकें काढीत. तीं जुन्या संग्रहांत सांपडतात. एका तबकडीचें साल कळलें कीं तिच्या क्रमांकाच्या मागच्या-पुढच्या तबकड्यांचा काळही अदमासानें ठरवितां येतो. मुंबईंत १९९० सालीं स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संग्राहकांच्या संस्थेनें अशा प्रकारच्या नोंदींचें काम नेटानें केलें आहे.

तिसरा नियम मापाचा. उत्तम म्हणजे काय? लोकप्रिय तेंच उत्तम, हें माप सर्वांत सोपें. त्याचा मोठा प्रयोग आपल्या देशांत रेडिओवरच झाला. १९५२ च्या डिसेंबरांत रेडिओ सिलोनवर अमीन सायानी यांनीं 'बिनाका गीतमाला' सुरू केली आणि पुढच्याच वर्षापासून हिंदी गाण्यांची वार्षिक क्रमवारी लागूं लागली. १९५३ चें पहिलें स्थान 'अनारकली' चित्रपटांतील लताबाईंच्या गाण्याला मिळालें. ती क्रमवारी तबकड्यांचा खप व श्रोत्यांची पसंती यांवर होती. तिनें देशाला जोडलें, यांत शंका नाहीं. तथापि खप मोजणें वेगळें आणि गुण देणें वेगळें. ज्या गाण्याच्या पाठीशीं चित्रपट असतो, तें गांवोगांवच्या तंबूंत वाजतें. ज्याच्या पाठीशीं केवळ एक कवि आणि एक पेटी असते, त्याची विक्री थोडी व्हावयाचीच. म्हणून चित्रपटगीत व भावगीत यांच्या दोन याद्या कराव्या. नाट्यपदांची तिसरी करावी, कारण रंगमंचावरील पद रागविस्तारासाठीं मोकळें ठेवलेलें असतें व त्याचें खरें रूप तीन मिनिटांच्या तबकडींत मावत नाहीं. १९४२ च्या 'कुलवधू' नाटकांत मास्तर कृष्णराव यांनीं चाली दिल्या व ज्योत्स्नाबाई भोळे यांनीं गाइल्या. तीं पदें भावगीताच्या अगदीं उंबरठ्याशीं आलेलीं आहेत. अशीं सीमेवरचीं गाणीं दोन्ही याद्यांत घेतलीं तरी कांहीं बिघडत नाहीं.

मी चार मापें सुचवितों व प्रत्येकाला पंचवीस गुण ठेवतों. पहिलें माप शब्दांचें : चाल बाजूला ठेवून कविता वाचली, तर ती उभी राहते काय? दुसरें चालीचें : शब्द बाजूला ठेवून नुसती गुणगुणली, तर ती ओळखूं येते काय? तिसरें गायनाचें : स्वर शुद्ध असून शब्दाचा अर्थ आवाजांत उतरतो काय? चवथें संगतीचें : चाल शब्दांवर बसली आहे, कीं शब्द ओढूनताणून चालींत कोंबले आहेत? जेथें ऱ्हस्व अक्षर विनाकारण लांबतें किंवा समास मध्येंच तुटतो, तेथें या चवथ्या मापांत गुण कापावे. घरांतील पांच-सहा माणसांनीं गाणें ऐकावें, बोलण्यापूर्वीं आपापले गुण चिठ्ठीवर लिहावे आणि मग चिठ्ठ्या उघडाव्या. आधीं चर्चा झाली कीं घरांतील वडील माणसाचें मत सर्वांचें मत होऊन बसतें. दोन गाण्यांत पांचांहून कमी गुणांचें अंतर पडलें तर दोहोंना एकच क्रम द्यावा.

या नियमांची परीक्षा एका वर्षावर करून पाहूं. १९६० सालीं मराठींत दोन चित्रपटांचीं गाणीं फार गाजलीं. एक 'जगाच्या पाठीवर', माडगूळकरांच्या शब्दांना फडक्यांच्या चाली. दुसरा 'कन्यादान', पी. सावळाराम यांच्या शब्दांना वसंत प्रभु यांच्या चाली. शब्दांच्या मापांत मी पहिल्याला वरचढ मानतों, कारण त्यांत खेळकर गीतापासून जीवनाच्या तत्त्वचिंतनापर्यंत अनेक तऱ्हा आहेत आणि कोणतीही तऱ्हा उसनी वाटत नाहीं. चालीच्या मापांत मात्र दोघे शेजारीं शेजारीं येतात. प्रभूंची चाल इतकी सरळ कीं, गाणें न शिकलेल्या गृहिणीलाही ती एका बैठकींत म्हणतां यावी. हा गुण लहान नव्हे. गायनांत लताबाईंमुळें 'कन्यादान' पुढें जातें. संगतींत 'जगाच्या पाठीवर' किंचित् सरस ठरतें. बेरीज केली तर माझा पहिला क्रम 'जगाच्या पाठीवर'ला जातो, पण अंतर पांच गुणांच्या आसपासच राहतें. आपल्या घरीं तो क्रम उलटा लागला तरी मला वाईट वाटणार नाहीं. उलट तो कोणत्या मापानें उलटला, हें आपण सांगूं शकाल, आणि सारा लाभ त्यांतच आहे.

शुद्ध भावगीतांच्या यादींत माझीं कांहीं स्थानें निश्चित आहेत. आरंभीं 'शीळ'. १९५५ ला 'गीतरामायण', मूळ प्रक्षेपणाचें. १९६२ ला शुक्रताऱ्याचें युगुलगीत. त्यांत दोन आवाज एकमेकांना वाट देतात, कोणी कोणावर मात करूं पाहत नाहीं. १९७४ ला 'शिवकल्याणराजा', कारण एका विषयाभोवतीं बांधलेला संच म्हणजे काय, तें त्यानें मराठी घरांना दाखविलें. १९९८ ला 'गारवा' : सौमित्र यांच्या पावसाच्या कविता व मिलिंद इंगळे यांच्या चाली. या संचांत गाण्यांच्या मध्यें कविता नुसती म्हटलेलीही आहे. रविकिरण मंडळानें कवितेला जी वाट दाखविली, ती पाऊणशें वर्षांनीं कॅसेटवर पुन्हां दिसली, म्हणून त्या वर्षीं मी त्याला अग्रस्थान देतों. चित्रपटांच्या यादींत १९७७ ला 'जैत रे जैत' ठेवावें. ना. धों. महानोर यांचे रानांतले शब्द आणि हृदयनाथांच्या चाली यांची तेथें पडलेली सांगड चवथ्या मापांत जवळजवळ पैकीच्या पैकी गुण घेते.

कोणी विचारील, या सगळ्या खटाटोपाचें प्रयोजन काय? गाणीं आवडतात तीं ऐकावीं, याद्या कशाला? याचें उत्तर पुण्याच्या जुन्या बाजारांत रविवारीं किंवा बुधवारीं गेल्यास मिळेल. वाडे पाडून सदनिका झाल्या, माळे गेले, व माळ्यावरच्या तबकड्या बाहेर पडल्या. घरांत कोणालाच त्यांचें महत्त्व सांगतां आलें नाहीं, म्हणून त्या गेल्या. लाखेची तबकडी हातून निसटली कीं फुटते, आणि फुटली कीं सांधतां येत नाहीं. ज्या गाण्यांचीं नांवें याद्यांत असतात, त्यांच्या नव्या प्रती निघतात, तीं मोबाइलवर येतात, स्पर्धांत गाइलीं जातात. ज्यांचीं नांवें कोणत्याच यादींत नाहींत, तीं शेवटच्या तबकडीबरोबर नाहींशीं होतात. तीं वाईट होतीं म्हणून नव्हे. कोणी मोजलीं नाहींत म्हणून. सर्वकाळच्या श्रेष्ठांची यादी तींच वीस गाणीं पुन्हां पुन्हां सांगते. वर्षवार यादी करणाराला मात्र १९४० चें पान कोरें सोडतां येत नाहीं, १९४७ चेंही नाहीं. तें भरण्यासाठीं त्याला अपरिचित गायकांच्या तबकड्या शोधाव्या व ऐकाव्या लागतात. आपल्या वर्षवार यादीचा खरा उपयोग हा आहे. पहिल्या क्रमांकापेक्षां त्याच्या शोधांत जीं दहा गाणीं ऐकलीं जातात, त्यांची किंमत अधिक.

तेव्हां ज्यांच्या घरीं जुन्या तबकड्या आहेत, त्यांना माझी विनंति आहे. त्या विकण्यापूर्वीं एका वहींत प्रत्येकीचा क्रमांक, गायक, कवि, संगीतकार आणि दोन्ही बाजूंचे आरंभींचे शब्द उतरून घ्या. तबकड्या आडव्या रचूं नका. पुस्तकांप्रमाणें उभ्या ठेवा, व उन्हापासून दूर. धूळ मऊ कोरड्या फडक्यानें पुसा. स्पिरिट लावूं नका. लाख स्पिरिटांत विरघळते व रेघा कायमच्या जातात. जुन्या चावीच्या ग्रामोफोनवर लावाल तर प्रत्येक बाजूस पोलादी सुई नवी घाला. विजेच्या यंत्रावर लावाल तर ७८ च्या रुंद रेघेसाठीं मुद्दाम केलेली सुईच वापरा. एकदां चांगलें ध्वनिमुद्रण करून घेतलें कीं मूळ तबकडी वारंवार वाजविण्याचें कारण उरत नाहीं.

शेवटीं एक सूचना. तबकडीची एक बाजू गाजलेली असते व दुसरी बहुधा कोणी लावलेलीच नसते. यादी करावयास बसाल तेव्हां ती दुसरी बाजू आधीं लावा आणि गाजलेल्या बाजूला मागून वेळ द्या. गुण दोहोंना सारख्याच कसोटीनें द्या. ही शिस्त पाळून दहा घरांनीं जरी आपापल्या याद्या केल्या व त्या एकमेकांशीं ताडून पाहिल्या, तरी मराठी भावगीताचा एक विश्वसनीय वर्षवार आलेख तयार होईल, आणि त्यांत कित्येक कवि-गायकांना पहिल्यानेंच आपल्या वर्षांत आपली जागा मिळेल.